इंटरनेटवरून फोन: बिल कुठे कापता येतं आणि घोडं कुठे पेंड खातं

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि परदेशातून घरच्या लँडलाइनवर स्वस्तात फोन लावायची अनेकांची रुळलेली वाट मोडली. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण आजीच्या साध्या फोनवर किंवा तहसील कचेरीत ते कसं लागणार? म्हणून हा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं गाव आहे. कोणतं यंत्र, कोणती सेटिंग, काय बिघडतं ते नेमकं लिहा. नुसतं 'मस्त चालतं' लिहून कुणाचं भागत नाही.

न्यू जर्सी

अमेरिकेतली लँडलाइन काढताना क्रम चुकवू नका. आधी नंबर पोर्ट करा, तो नव्या सेवेवर वाजला की मगच जुनी लाइन बंद करा. आधी लाइन तोडली की नंबर हातचा गेलाच म्हणून समजा. गूगल व्हॉइस (गूगलची इंटरनेटवरून फोन करायची सेवा) लँडलाइनचा नंबर थेट घेत नाही. तो आधी प्रीपेड मोबाइलवर न्यायचा, तिथून २० डॉलर भरून गूगल व्हॉइसवर आणायचा. मग अमेरिका-कॅनडात बोलणं बहुतेक फुकट, भारताला मिनिटाला साधारण १ सेंट.

मात्र गूगल व्हॉइसच्या वैयक्तिक खात्यावरून ९११ (तिथला आणीबाणीचा नंबर) लागत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर हे पैशांपेक्षा महत्त्वाचं. एक जुना पण ४जी मोबाइल चार्ज करून समोर ठेवा. सेवा बंद असली तरी त्यावरून ९११ लागतो, फक्त तिकडून उलट फोन येऊ शकत नाही.

टोरांटो

वडीलधाऱ्यांना अ‍ॅप नको असतं, टेबलावरचा फोनच हवा असतो. त्यासाठी साध्या फोनला इंटरनेटशी जोडणारा अ‍ॅडॉप्टर लागतो, उदा. ग्रँडस्ट्रीम एचटी८०१ (एक फोन) किंवा एचटी८०२ (दोन). राउटरमधून लॅनची वायर त्यात, त्यातून टेलिफोनची वायर फोनला. रिसीव्हर उचलून \*\*\* दाबा, मग ०२. अ‍ॅडॉप्टर स्वतःचा आयपी पत्ता बोलून सांगतो. तो ब्राउझरमध्ये टाका आणि एफएक्सएस पोर्टच्या (फोन जोडायच्या खाचेच्या) पानावर इंटरनेट फोनची सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला सर्व्हर, युजर आयडी आणि पासवर्ड भरा. कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) जी.७११ ठेवा. एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे तासाला दोन्ही दिशा धरून ८० एमबीच्या आत. नेट फारच बारीक असेल तर जी.७२९, ३१ केबीपीएस. आवाज थोडा डबक्यातून आल्यासारखा येतो, पण शब्द कळतात.

त्यालाच जोडून, सिंगापूर

सेटिंग भरून झालं तरी तीन दुखणी हमखास येतात.

आपल्याला ऐकू येतं, पण समोरच्याला आपला आवाज जात नाही (किंवा उलट): राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. मदतीसाठी म्हणून दिलेली ही सोय पॅकेटमधले (डेटाच्या पुड्यांमधले) पत्ते चुकीचे बदलते. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडॉप्टरमध्ये स्टन (बाहेरून आपला पत्ता कोणता दिसतो ते कळवणारी सोय) चालू करा.

फोन बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो: नेट मंद नाही. फोन उचलल्याची पोच सर्व्हर-अ‍ॅडॉप्टरमध्ये पोहोचत नाही आणि ठरलेली मुदत संपली की कॉल सोडला जातो. इथेही संशय आधी राउटरवर.

आपण लावलेला फोन लागतो, बाहेरचा येत नाही: राउटर काही वेळाने बाहेरून आत यायची वाट बंद करतो. कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला मधूनमधून जाणारा संदेश) २० सेकंदांवर ठेवा.

आवाज तुटत असेल तर डाउनलोडचा वेग बघत बसू नका. दोष बहुधा अपलोडमध्ये असतो. कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असले की तुमचा आवाज रांगेत अडकतो. राउटरमध्ये क्यूओएस लावून फोनला अग्रक्रम द्या.

राजापूर

गावात रेंज नाही पण फायबर आलंय, अशांनी वेगळं काही विकत घेऊ नये. मोबाइलच्या सिम सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. नेहमीचाच नंबर, नेहमीचाच प्लॅन, समोरच्याकडे अ‍ॅप नको. शाळा-ऑफिसच्या वाय-फायवर चालत नसेल तर तिथे यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्टं (डेटा जायच्या वाटा) अडवलेली असू शकतात.

पावसाळ्यात वीज गेली की मात्र सगळंच मुकं. ओएनटीला (फायबरची तार घरात जिथे जोडतात त्या डब्याला) मिनी यूपीएस लावा. ओएनटीच्या विजेच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट (बहुधा १२) तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं अधिक-उणे तपासूनच जोडा.

दुबई

इथे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसटाइमचे कॉल चालत नाहीत. बोटिम हे अ‍ॅप चालतं, गावाकडच्यांच्या मोबाइलवरही ते टाकावं लागतं. व्हीपीएनच्या (आपला आयपी पत्ता लपवणाऱ्या सेवेच्या) भानगडीत पडू नका; आयपी पत्ता लपवून गुन्हा केल्यास दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो.

पुणे

अतिस्वस्त कॉलिंग कार्डं घेणाऱ्यांनी एक पाहावं. तुम्ही अमेरिकेतून फोन केला आणि घरच्यांच्या स्क्रीनवर कुठलातरी अनोळखी +९१ नंबर उमटला, तर तो कॉल सिमबॉक्समधून (अनेक सिम बसवलेल्या यंत्रातून) चोरवाटेने उतरवलेला असण्याची दाट शक्यता आहे. असं करणं भारतात बेकायदेशीर आहे. नंबर दर वेळी बदलतो, उलट फोन लागत नाही, आणि घरचे फसवणुकीचा फोन समजून उचलत नाहीत. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर याची तक्रार करता येते.