उद्या त्यांच्याशी आहे! कॉलेजच्या मॅचआधीचे दिवस: तुमचे अनुभव

सुरंगी

लेक यंदा कॉलेजच्या कबड्डी संघात आलीय. पुढच्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन सामने. घरात जिकडेतिकडे नी-कॅप वाळत घातलेल्या, फ्रिजात बर्फाचे तीन ट्रे, आणि जेवताना विषय एकच: ‘ती’. समोरच्या संघातली चढाईवाली. ती बोनसला कोणता पाय टाकते, परवा तिचा घोटा दुखत होता म्हणे, ते खरं की नाटक. ऐकता ऐकता मला माझी १९९४ ची मॅच आठवली आणि हा धागा काढला.

कॉलेजात किंवा विद्यापीठाकडून खेळलेल्यांनी लिहा. कोण जिंकलं ते नाही सांगितलं तरी चालेल, आधीचं सांगा. समोरच्यांचा अंदाज घ्यायला काय काय उद्योग केलेत ते. बारा तालुक्यांचा आपला गोवा. इथे समोरचा संघ परका नसतोच. तुमच्याच बसला लटकलेला असतो, नाहीतर मावशीच्या शेजारी राहत असतो.

सुरवात मीच करते. मी डावा कोपरा खेळायची. घोटा पकडण्यात बरी होते, बाकी यथातथाच. समोरच्या कॉलेजची मुख्य चढाईवाली माझ्याच बसला असायची. ती माशेलला चढायची, मी बाणस्तारीला, आणि पणजीत उतरलं की दोघींच्या वाटा वेगळ्या. मॅचच्या आठवड्यात आम्ही दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलत होतो की कंडक्टरला वाटलं असेल बहिणी आहेत. ‘प्रॅक्टिस कसली गं, सर येतच नाहीत,’ असं ती म्हणायची. तिच्या कोपरावर ताजं खरचटलेलं दिसत असायचं.

मॅचच्या आदल्या दिवशी मी डोकं चालवलं. चांगल्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं, वर सेफ्टी पिन, आणि वास यावा म्हणून आजीच्या बाटलीतलं दुखण्याचं तेल चोळलं. म्हटलं, हिला वाटू दे माझा कोपरा लंगडा आहे. उद्या इकडेच येईल आणि सापडेल. लंगडत बसमध्ये चढले. बस खचाखच भरलेली. ती लगेच उठली आणि मला तिची सीट दिली. बाणस्तारीपासून पणजीपर्यंत ती बिचारी दांड्याला धरून उभी, आणि मी खाली मान घालून बसलेली. रायबंदरला बस थांबली तेव्हा एकदा वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर घाईघाईत मैत्रिणीने बँडेज बांधून दिलं आणि उतरले. पण ती माझ्या कोपऱ्याकडे फिरकलीच नाही! अख्ख्या मॅचमध्ये दोनदा आली असेल, तीही ‘निदान रेषा’ (चढाईत ओलांडावीच लागते ती) जेमतेम ओलांडून परत. सगळ्या चढाया उजव्या बाजूला. लोण चढला तोही तिकडूनच. इतका अभ्यास केला आणि गिऱ्हाईक आलंच नाही.

आता तुम्ही.

मानकुराद

धागा आवडला. मी गोली होतो. गोव्यात फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून अधिकृत मान मिळाला २०१२ साली, पण आमच्या वास्कोत तो आधीपासूनच होता, कागदाची वाट कोण बघतो. ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव ऐकत मोठे झालेले आम्ही. त्यामुळे गल्लीत सगळ्यांना स्ट्रायकर व्हायचं असताना मला गोलीच व्हायचं होतं.

कॉलेजच्या मॅचेस पावसात असायच्या. पावसाळी मैदानावर गोलीची तयारी वेगळी. कोरड्या चेंडूवर सराव करून काही उपयोग नाही. मी बादलीत पाणी भरून चेंडू त्यात बुडवून ठेवायचो आणि धाकट्या भावाला भिंतीपासून मारायला सांगायचो. ओला चेंडू छातीशी येईपर्यंत घट्ट वाटतो आणि ऐन वेळी साबणासारखा निसटतो. हात मागून लावायचे, अंगाने झाकायचं आणि वर पडायचं, हे त्या बादलीने शिकवलं.

सेमीफायनल ज्यांच्याशी होती त्यांचा सराव बघायला मी चोरून गेलो. मैदानाला चिऱ्यांची भिंत. तिच्यावर छत्री घेऊन बसलो, चेहरा झाकेल अशी. त्यांचा डावखुरा पेनल्टी कुठे मारतो एवढंच बघायचं होतं. दहा मिनिटं झाली असतील, त्यांचे कोच भिंतीखाली येऊन उभे. वर बघून म्हणाले, ‘आयलाय जाल्यार भितर यो. आमकां गोली ना.’ त्यांचा गोली तापाने आजारी होता! पळून जायची सोय नव्हती, उडी मारली ती आतल्या बाजूला. अर्धा तास मी त्यांच्या गोलमध्ये उभा राहून त्यांच्या पेनल्ट्या अडवल्या. डावखुरा पाचातल्या चार माझ्या उजव्या हाताला मारतो, हे कळलं. घरी येताना हवेत होतो.

रात्री झोपताना लक्षात आलं. मी आधी कुठे झुकतो ते त्यांच्या अकरा जणांनी अर्धा तास बघितलं होतं.

मॅचमध्ये पेनल्टी मिळाली. डावखुऱ्याने चेंडू ठेवला, माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. पुढचं सांगत नाही, अट आहे ना धाग्याची.

खाजें

मानकुराद, हे अर्धवट सोडणं बरं नव्हे 😄

मी खेळाडू नाही, खेळाडूची बहीण. तयारी म्हणजे आमच्या घरी उकड्या तांदळाची पेज, तोराचं लोणचं आणि ‘आज मासे नकोत, जड होतं.’ बाकी गोव्यात मासे नकोत म्हणणारा फक्त मॅचच्या आदल्या दिवशीचा खेळाडू आणि श्रावण पाळणारा.

टेकडीवरचा

फर्मागुडी. इंजिनीअरिंग कॉलेजच्या आवारातच २०१० मध्ये एनआयटी सुरू झाली आणि २०१६ मध्ये आयआयटी. तेव्हा एक टेकडी आणि तीन संस्था. आम्ही क्रिकेटवाले. गुप्तता वगैरे पाळायची सोयच नव्हती. नेटमध्ये काय चाललंय ते समोरच्यांना हॉस्टेलच्या खिडकीतून दिसायचं. खरी बातमी चहाच्या गाड्यावर मिळायची. गाडेवाला मामा सगळ्यांना सारखाच चहा द्यायचा आणि सगळ्यांच्या बातम्याही सारख्याच वाटायचा. ‘त्यांचा तो लांब केसांचा आज खांदा धरून गेला हां.’ आम्ही खूश. आमचा ऑफस्पिनर सुट्टीला गावी गेल्याचं त्याने तिकडे सांगितलं, ते नंतर कळलं.

घुमट

वयाने बहुधा मीच इथे सगळ्यात मोठा. गोव्यातली कला-विज्ञानाची पहिली दोन कॉलेजं, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, १९६२ ची. विद्यापीठ आलं १९८५ मध्ये, त्याआधी आम्ही मुंबई विद्यापीठाचे. मी शिकलो तो मधल्या सांध्यावर. पहिल्या वर्षी ‘मुंबई’, मग ‘गोवा’. जर्सीवरचं नाव बदललं, जर्सी तीच. आईने जुनी अक्षरं उसवली तरी कापडावर त्यांची सावली राहिलीच.

आता मूळ गोष्ट. १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. बार्देशातून पणजीला यायचं म्हणजे पुन्हा फेरीबोट. आमचा व्हॉलीबॉलचा संघ म्हापशाकडचा आणि मॅच पणजीत, दुपारी तीनला. आम्ही साडेबाराला बेतीच्या धक्क्यावर हजर. रांग बघून पोटात गोळा आला. माणसं, स्कूटरी, दुधाचे कॅन, लग्नाला निघालेलं एक अख्खं कुटुंब. दोन बोटी आमच्यासमोरून भरून गेल्या. आमचा कप्तान तिथेच धक्क्यावर आम्हांला उड्या मारायला लावू लागला, निदान अंग तरी गरम राहील म्हणून. लग्नाच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या बोटीत पाय टाकला तर कठड्याला टेकून कोण? समोरच्या संघाचा कप्तान. हा पर्वरीला राहायचा हे आम्हांला माहीतच नव्हतं. त्याच्याही हातात पिशवी, तोही वैतागलेला. पंधरा दिवस आम्ही ह्या माणसाचा स्मॅश अडवायचा सराव केला होता. सरांनी टेबलावर उभं राहून वरून चेंडू मारायचे, ‘तो असा मारतो’ म्हणून. आणि आता तो आमच्या बोटीत, पलीकडे त्याचा संघ त्याच्याविना उभा. आमच्यातला एक हळूच म्हणाला, ‘ह्याला गप्पांत गुंतवून बोटीतच ठेवूया.’ हसलो सगळे. तोही हसला, त्याने ऐकलं होतं.

पणजीच्या धक्क्यावरून मैदानापर्यंत आम्ही सगळे एकत्र धावत गेलो, तो सगळ्यांत पुढे. पंच घड्याळ बघत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि काही न बोलता घड्याळ खिशात टाकलं.

तिसऱ्या

घुमट काका, जर्सीचं फार आवडलं.

माझी थोडी तक्रार आहे, कॉलेजचं नाव नको. मुलींचा फुटबॉल संघ नवा होता, आणि मैदान मुलांना चार ते सहा, आम्हांला दुपारी एक ते दोन. भर उन्हात. विचारलं तर उत्तर यायचं, ‘त्यांची मॅच महत्त्वाची आहे.’ आमची मॅच होती ती काय हळदीकुंकू?

शेवटी आम्ही मिरामारला जायला लागलो, पहाटे, ओहोटीची वेळ बघून. कोरड्या वाळूत धाव, मग पाण्याजवळच्या घट्ट वाळूत पासिंग. कोरड्या वाळूत पाय खाली रुततो, टाच वर यायला दुप्पट जोर लागतो. महिन्याभरात पोटऱ्या अशा झाल्या की जीन्स चढेना. पण वाळूवर चेंडू घरंगळत नाही, थांबतो. ती सवय अंगात भिनली. मॅचच्या दिवशी कडक मैदानावर पहिली दहा मिनिटं पाय हवेत, कुणाला ऐकेनात, आणि प्रत्येक पास लांब जाऊन बाहेर. समोरच्या मुली हसत होत्या. आणि ऐका, त्यातल्या दोघी मिरामारलाच फिरायला यायच्या रोज. आम्हांला बघून गेल्या होत्या, कुणी ओळखलं नव्हतं.

खांबापाशी

माझा प्रकार थोडा वेगळा. खो-खो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपली की त्यातूनच विद्यापीठाचा संघ निवडतात, शिबिर होतं आणि मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं. म्हणजे ज्याचं तोंड बघायचं नाही असं महिनाभर ठरवलेलं असतं, तोच शिबिरात शेजारच्या कॉटवर.

संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते. सरांनी मला आणि ‘त्याला’ एकाच तुकडीत टाकलं. आंतरमहाविद्यालयीन फायनलमध्ये मी त्याला खांबापाशी सूर मारून बाद केला होता, त्याच्या कोपराला टाके पडले होते. पहिले तीन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. पण त्याला माझं सगळं पाठ! चौथ्या दिवशी पाणी पिता पिता म्हणाला, ‘तू डावीकडे वळायच्या आधी खांदा पाडतोस. पुण्यामुंबईचे लोक दुसऱ्या खोला पकडतील तुला.’ मलाही त्याचं माहीत होतं. दमला की तो खांबाला जरा जास्त वेळ धरून राहतो. तेही मी सांगितलं, अर्थात जरा चढ्या आवाजात. आमच्या स्वतःच्या सरांनी आम्हांला इतकं बारकाईने कधी बघितलं नव्हतं.

विभागातल्या पहिल्या चार संघांना पुढे अखिल भारतीय स्पर्धा. आम्हांला तिथे पुणे, मुंबई, कोल्हापूर ही नावं ऐकूनच घाम फुटायचा. त्यांच्याकडे खो-खो गल्लोगल्ली. पहिल्या डावात आमची तुकडी किती वेळ टिकली ते मला अजून सेकंदासकट आठवतं, पण धाग्याच्या अटीमुळे सुटलो. माझा खांदा मात्र त्या दिवशी पडला नाही.

निवृत्त शिट्टी

क्रीडा संचालक म्हणून नोकरी केली. तुम्ही सगळे मैदानातलं लिहिताय. अर्धी लढाई फायलीत असते हो. पात्रता अर्ज, बारावीची गुणपत्रिका, ओळखपत्र, आंतरविद्यापीठला २५ ची वयोमर्यादा. समोरच्या कॉलेजचा माझा समव्यवसायी दरवर्षी हरकतीचा अर्ज टाइप करून खिशातच आणायचा, फक्त खेळाडूचं नाव भरायचं बाकी. मीही आणायचो. एका वर्षी मी सगळ्या मुलांची ओळखपत्रं टेबलावर विसरलो. त्यानेच स्वतःच्या स्कूटरवरून त्याचा शिपाई पाठवून ती आणवली. वर म्हणतो, ‘असं जिंकलो तर हरकतीचा अर्ज वाया जाईल माझा.’

मानकुराद

सुरंगीताई, एक राहिलं. त्या बसवालीला तुम्ही नंतर कधी सांगितलंत का, बँडेजचं?

सुरंगी

सांगितलं की. वीसेक वर्षांनी, म्हार्दोळच्या जत्रेत भेटली तेव्हा. मी माफीबिफी मागायच्या तयारीत. ती पोट धरून हसायला लागली. म्हणाली, ‘अगं, बसमध्ये डाव्या गुडघ्याला होतं. मैदानात उजव्या.’