१९६८ सालच्या देवबागातल्या माणसांना नावं काय देऊ?

माडाखालची:
कथा लिहितेय. गाव देवबाग, एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. नायक रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जाणारा, पंचविशी-तिशीतला. बायको, म्हातारा बाप, पाच वर्षांचा मुलगा. मी नावं दिली होती अनिरुद्ध, मैथिली, श्रीधरपंत आणि ईशान. आत्याला वाचून दाखवलं. ती बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकत होती. दुसऱ्या पानावर म्हणाली, "ही माणसां रापण ओढतत की पुण्यात शिकवणी घेतत?"
मी डोंबिवलीत वाढले, कानावर नावं पडलेलीच नाहीत. मतदार यादी चाळू का?

खाडीपलीकडचो:
यादी कशाला? यादीतल्या नावाने गावात कोणी हाक मारत नाही. माझ्या आज्याचं नाव दाखल्यावर पुरुषोत्तम, वाडीत बाबलो. मुंबईहून काकाची मनीऑर्डर आली तेव्हा नवा पोस्टमन विचारत फिरला, "पुरुषोत्तम खंय रवता?" पोरं म्हणाली, "हय कोण नाय तसो." आजो समोरच जाळं विणत बसलेला!
म्हणून आधी ठरव, कोण कोणाला काय म्हणतं. बायको नवऱ्याचं नाव घेणार नाही. सुनेने सासऱ्याचं तर नाहीच. माझ्या आजीच्या सासऱ्याचं नाव लक्ष्मण. दशावतारात लक्ष्मण आला की ती म्हणायची, "रामाचो भाव इलो." आता गंमत बघ, आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत. म्हणजे आईला पोटच्या पोराला नावाने ओरडताही येत नाही, त्याला बाबू नाहीतर आबा म्हणायचं. तुझ्या कथेत पोर किनाऱ्यावर हरवलं तर ती काय ओरडेल? तिथपासून नावं शोध.

तिठ्यावरचा:
आडनाव देवबागकर ठेवू नका, ते गाव सोडून गेलेल्याला शोभतं. खोबरेकर, कुबल चालतील. तांडेल जपून वापरा, आडनावही तेच आणि होडीवरच्या प्रमुखालाही तेच म्हणतात, वाचणारा गोंधळेल. आणि नुसत्या 'कर'वरून धर्म ओळखू जाऊ नका, कोकणी मुसलमानांतही ही आडनावं आहेत.
जाता जाता: १९६८ मध्ये 'सिंधुदुर्ग जिल्हा' लिहिलंत तर मी तिथेच पुस्तक मिटेन. तो १९८१ ला झाला, तोवर सगळं रत्नागिरीच.

वालावलची लेक:
पण सरसकट धोंडू-दगडू करू नका हं. आधीची मुलं जगली नाहीत तर याच्यावर तरी कोणाची नजर नको, म्हणून ती नावं ठेवत. घरात तसं काही घडलेलं नसेल तर ते नाटकातल्या गड्यासारखं वाटतं. १९४० च्या आसपास जन्मलेला कोकणी माणूस वसंत, मनोहर, शांतारामही असायचा.

माडाखालची:
ठरलं. म्हातारा लक्ष्मण, नातूही लक्ष्मण, पण हाक बाबू. नायक कागदावर वसंत, वाडीत बाळगो. आत्याला फोन केला. म्हणाली, "बाळगो बरो. पण बायल तेका नावान हाक मारता, थय काट मार."
मोजलं, चौदा ठिकाणी मारतेय. खोडत बसलेय.