मोंडावीची साडेतीन हजार डॉलरची बाटली, कोडवाला चित्रकार आणि नाशिकला फुकटचे सल्ले

निफाडचा_भाऊ
काल एकाने इथे कौतुकाची पोस्ट टाकली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंडावी वायनरीने फ्रान्सच्या बर्नार्दो या पोर्सेलीनवाल्या (चिनी मातीवाल्या) घराण्याबरोबर १,९६६ मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या बाटल्या, काढल्या, प्रत्येक बाटलीमागे जनरेटिव्ह आर्टिस्टच्या कोडमधून निघालेलं वेगळं चित्र, तेही एनएफटी, म्हणजे डिजिटल मालकीची नोंद केलेलं, भाव ३,५०० डॉलर. आणि शेवटी सल्ला, की नाशिकच्या फॅमिली वायनऱ्यांनी यातून शिकावं, आपण अजून लेबलवर द्राक्षाचा घड छापतोय. रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून लिहितोय, लांब होणार.

पहिलं म्हणजे फॅमिली कुठली? २००४ मध्येच ती वायनरी कॉन्स्टेलेशन नावाच्या बड्या दारू कंपनीने घेतली. १,९६६ हा आकडा वायनरी सुरू झाली त्या सालाचा, म्हणजे बाटल्या किती काढायच्या हे बागेतल्या मालाने नाही, मार्केटिंगवाल्याने ठरवलं. दुसरं, आमच्या वडिलांनी एका वायनरीच्या शब्दावर शिराझ, म्हणजे वाईनची द्राक्षं, लावली होती. तेव्हाही असंच, ब्रोशर चकाचक, टेरॉयर (माती-हवेचा गुण) काय, वारसा काय. मंदी आली तसा माल उचलायचा बंद, फोन उचलायचा बंद. शेवटी खुंट तेच ठेवून वर खायच्या थॉमसनचं कलम केलं. पैसे आजतागायत आले नाहीत. तेव्हा चित्र कोडने काढा नाहीतर शेणाने सारवा, मला एकच सांगा, द्राक्षवाल्याला किलोमागे किती?

सेमीकोलन
भाऊ, तुमच्या थकबाकीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण राग वायनरीवर आणि फटके कलाकाराला असं झालंय. कोडने चित्र काढणं म्हणजे एनएफटीचा बाजार नव्हे आणि एआयला "छान लेबल दे" म्हणणंही नव्हे, मी स्वतः हे करतो म्हणून जीव तुटतो. इथे नियम तुम्ही लिहिता, मग तो हजार वेळा चालवता आणि नऊशे नव्वद फेकता. व्हेरा मोल्नार नावाच्या बाई १९६८ पासून पॅरिसमध्ये कॉम्प्युटरवर हे करत होत्या, त्याआधी हातानेच नियम लावून काढायच्या, २०२३ मध्ये गेल्या, शंभरीला महिनाभर कमी. आपल्या आज्या ठिपक्यांची रांगोळी काढायच्या तेच हे, ठिपके ठरलेले, वळणं नियमाने, तरी रोज अंगणात वेगळी. तिला कोणी विचारलं का की ही कला आहे का?

निफाडचा_भाऊ
आजीच्या रांगोळीला ३,५०० डॉलर मिळत नव्हते. चालू द्या.

सेमीकोलन
हे उत्तर नाही, टोमणा आहे.

अदिती_टाइपफेस
पॅकेजिंग डिझाइन करून पोट भरते म्हणून बोलते. प्रत्येक बाटली वेगळी यात नवीन काही नाही. ॲब्सोल्यूट व्होडकाने २०१२ मध्ये सुमारे चाळीस लाख बाटल्या रंग उडवणाऱ्या मशीननी एकेक वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये इटलीत नुटेलाच्या सत्तर लाख बरण्यांवर अल्गोरिदमने वेगवेगळी लेबलं. चॉकलेटची बरणी हो! मग वाईनच्या बाटलीत वेगळं काय? चित्राचा आतल्या मालाशी संबंध हवा, मोंडावीच्या प्रकारात तो मला दिसत नाही. आणि आपल्याकडे करायचं तर लेबल एक्साइजकडून मंजूर करून घ्यावं लागतं, वर "मद्यपान आरोग्यास हानिकारक" ठरलेल्या मापात. बाटलीगणिक वेगळं चित्र घेऊन त्या ऑफिसात जाऊन दाखवा, मी चहा पाजते.

सनीवेलची_वहिनी
फॅमिली विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही 😄 नापा, म्हणजे मोंडावीचं वाईनचं खोरं, इथून सनीवेलहून दोन तासांवर, येणारा प्रत्येक पाहुणा "वहिनी नापा" म्हणतो, त्यामुळे मोंडावी पुराण पाठ झालंय. अहो ती वायनरीच भाऊबंदकीतून निघाली. वडिलांनी १९४३ मध्ये चार्ल्स क्रुग वायनरी घेतली, रॉबर्ट आणि पीटर दोघे तिथेच. रॉबर्टने व्हाइट हाऊसच्या जेवणाला जायचं म्हणून बायकोला मिंकचा कोट घेतला, त्यावरून १९६५ मध्ये भावाभावांत हातघाई, रॉबर्ट बाहेर, आणि १९६६ मध्ये स्वतःची वायनरी. मग वर्षानुवर्षं कोर्ट. गंमत बघा, धाकट्या पीटरच्या मुलांकडे क्रुग अजून आहे, आणि ज्याचं नाव जगभर झालं त्याची कंपनी गेली.

निफाडचा_भाऊ
म्हणजे १,९६६ हा भांडणाचा आकडा आहे. हे लिहा म्हणावं त्या एनएफटीवर.

दारूबंदी_जिंदाबाद
सगळे बाटलीच्या चित्रावर बोलताय, कोणी बोलत नाही की याच वाईनवाल्यांसाठी जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला होता. शेतकऱ्याचं नाव पुढे करून! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला तेव्हा सरकारवाले गप्प बसले. आता सुंदर चित्र लावून पोरांच्या हातात द्या.

सेमीकोलन
हा धागा कशाचा आहे?

सनीवेलची_वहिनी
इथे किराणा दुकानात दुधाच्या पलीकडच्या रांगेत वाईन असते, मुलं बिघडल्याचं ऐकलं नाही.

दारूबंदी_जिंदाबाद
तुमच्याकडे दारू पिऊन मारणारा नवरा शेजारी राहत नसेल वहिनी. माझ्या मावशीच्या शेजारी राहायचा. अमेरिकेतून शिकवू नका.

निफाडचा_भाऊ
थांबा, मी दोघांच्याही विरोधात आहे. सुपरमार्केटात ठेवली म्हणून शेतकरी तरला असता ही थाप. निफाड-दिंडोरीत फिरा, बाग म्हणजे खायची द्राक्षं, सोनाका, थॉमसन, काळी. वाईनच्या बागा शोधाव्या लागतात. राज्याच्या २००१ च्या वाईन धोरणात एक्साइज माफ झालं ते वायनरीला, बागाईतदाराला करार मिळाला तर मिळाला. आणि दारूबंदीवाले, तुमच्या गावातला नवरा शेनिन ब्लांक वाईन पिऊन मारत नव्हता, देशी पिऊन मारत होता, तिच्या दुकानासमोर कोणी उपोषणाला बसलं का?

दारूबंदी_जिंदाबाद
बसलो होतो. गावात बाई-माणसांनी आडवी बाटली केली, तुम्हाला माहीत नसेल. नीट माहिती घेऊन बोला, शेतकरी म्हणून काहीही बोलायचा परवाना नाही मिळत.

निफाडचा_भाऊ
बसला असाल तर नमस्कार. तरी वाईनचा मुद्दा वेगळा.

अदिती_टाइपफेस
मूळ विषयावर येऊ का? चित्रकार आणि घराणं नीट जमलेलं बघायचं तर फ्रान्सची शातो मुतों रॉथशील्ड वायनरी. १९४५ पासून लेबलवर जवळजवळ दरवर्षी नवा कलाकार, पिकासो १९७३, आपले मुंबईत जन्मलेले अनिश कपूर २००९ ला. मानधन म्हणून वाईनच्या पेट्या देतात. आणि अजून घरच्यांच्याच हातात.

सेमीकोलन
पण तिथेही चित्राचा त्या वर्षीच्या द्राक्षांशी काय संबंध? अदितीची मघाची अट मुतोंच पूर्ण करत नाही. कोडने ते जमतं. छाटणीची तारीख, कुठल्या आठवड्यात डावणी रोग आला, अवकाळी कधी पडला, तोडणीला साखर किती, हे आत घाला, प्रत्येक ओळीतल्या वेलीची रेघ वेगळी निघेल. एखाद्या लहान वायनरीने तरी करून बघावं. भाऊ, तुमच्याकडे अशा नोंदी आहेत का?

निफाडचा_भाऊ
वडिलांच्या वह्या आहेत, फवारणीसकट. गारपीट झाली ते पान तर रागाने फाडलेलं आहे. तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, मोंडावीवाल्यापेक्षा तरी बरं. पण वह्या फुकट मिळणार नाहीत. बाटलीमागे बागाईतदाराला किती ते आधी कागदावर, सहीशिक्क्याने, ॲडव्हान्स चेकसकट. शब्दावर एकदा शिराझ लावलीय.

सेमीकोलन
माझ्याकडे ना वायनरी ना चेकबुक. मलाही लोक पैशांऐवजी एक्स्पोजर देतात.

सनीवेलची_वहिनी
मग भाऊंनी दोन पेट्या थॉमसन द्यावी, मुतोंसारखी.

दारूबंदी_जिंदाबाद
थॉमसनला माझी हरकत नाही. सुपरमार्केटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.