शब्दचर्चा: एकाच वेळी, एकाच खेपेत की एकाच उड्डाणात?

मुद्रितशोधक
मुलांसाठीच्या एका अंकाची मुद्रितं तपासते आहे. इस्रोवरच्या लेखात हे वाक्य आलंय: 'दि. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३७ या अग्निबाणाद्वारे एकाच वेळी १०४ उपग्रह प्रक्षेपित करून ते आपापल्या कक्षात प्रस्थापित करण्यात आले व विश्वविक्रम नोंदवला गेला.' मला 'एकाच वेळी' आणि 'कक्षात' खटकतायत. शिवाय 'प्रक्षेपित करणे' दहा-बारा वर्षांच्या मुलांना जड जाईल असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

अडकित्ता
'कक्षात' ताबडतोब काढा. कक्ष म्हणजे खोली, पुल्लिंगी: नियंत्रण कक्षात, अतिदक्षता कक्षात. ग्रह-उपग्रह फिरतात ती कक्षा, स्त्रीलिंगी, म्हणून 'कक्षेत'. 'हे माझ्या अधिकाराच्या कक्षेत येत नाही' असं आपण रोज म्हणतो, तिथे कोणी चुकत नाही. उपग्रह आला की मात्र सगळे त्याला खोलीत कोंडतात.

टिवल्याबावल्या
पण १०४ उपग्रह म्हणजे अनेकवचन हवं ना? कक्षांत, अनुस्वारासकट. अनुस्वार गळला असेल बिचाऱ्याचा.

खगोलवेडी
नाही, इथे एकवचनच बरोबर. सी३७चे सगळे उपग्रह सुमारे ५०५ किलोमीटर उंचीवरच्या जवळजवळ एकाच ध्रुवीय, म्हणजे ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत सोडले होते. त्यामुळे 'आपापल्या'ही फुकटचं आहे. 'कक्षांत' म्हणायची वेळ त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये आली होती, पीएसएलव्ही-सी३५च्या वेळी. तिथे स्कॅटसॅट-१ एका उंचीवर सोडला, मग रॉकेटचा चौथा, शेवटचा टप्पा पुन्हा पेटवून यान दुसऱ्या कक्षेत नेलं आणि उरलेले सात तिथे सोडले. त्या सातांत आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' होता. सगळं आटपायला सव्वादोन तास लागले.

आता 'एकाच वेळी'बद्दल. सी३७ सकाळी ९ वाजून २८ मिनिटांनी उडालं. साधारण सतराव्या मिनिटाला कक्षा गाठली आणि पुढच्या बारा मिनिटांत उपग्रह ठरलेल्या क्रमाने सुटे झाले. आधी ७१४ किलोचा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह, मग इस्रोचेच दोन छोटे, मग परदेशी १०१. त्यांतले ८८ एकाच अमेरिकी कंपनीचे, 'डव्ह' नावाचे, प्रत्येकी पाचेक किलोंचे, दहा बाय दहा बाय तीस सेंटिमीटरचे. असे उपग्रह नळीसारख्या पेट्यांत भरलेले असतात. पेटीचं दार उघडतं आणि आतली स्प्रिंग उपग्रहाला अलगद बाहेर ढकलते. एका वेळी सगळी दारं उघडली तर सगळे एकमेकांवर आपटतील. कुठलं दार कधी आणि कुठल्या दिशेला उघडायचं, याचं गणित हीच तर त्या मोहिमेची करामत होती. 'एकाच वेळी' लिहिलं की नेमकी तीच पुसली जाते.

अडकित्ता
माहिती पटली, भाषेचा निष्कर्ष नाही पटला. 'एका वेळी' म्हणजे 'एका क्षणी' असं मराठीत दर वेळी नसतं. 'तो एका वेळी सहा भाकऱ्या खातो' म्हणजे सहाही एकदम तोंडात कोंबतो असं नाही, एका बैठकीत खातो.

खगोलवेडी
मान्य. पण 'च' लागला की अर्थ क्षणाकडे झुकतो. 'दोघं एकाच वेळी बोलू लागले.' मुलं तसंच वाचणार.

जुनं बाड
मग 'एकाच खेपेत' लिहा की. विटांची खेप, पाण्याची खेप. ओझं घेऊन जायचं, टाकायचं, हा अर्थ त्या शब्दात मुळातच आहे. आणि गंमत बघा, 'खेप' आलाय संस्कृत 'क्षेप'वरून. क्षिप् म्हणजे फेकणे. त्याच धातूचे प्रक्षेपण, क्षेपणास्त्र, आक्षेप, हस्तक्षेप. पोथीत मागाहून कोणी घुसडलेल्या ओव्यांना प्रक्षिप्त म्हणतात तेही इथलंच. म्हणजे प्रक्षेपण आणि खेप एकाच घरातले. एक तत्सम राहिला, दुसरा लोकांच्या तोंडी झिजून मराठी झाला.

मुद्रितशोधक
'खेप' मला मनापासून आवडला, पण लेखक 'विटा वाहतोय का' म्हणून फोन करतील. 'एकाच उड्डाणात' घेते. 'प्रक्षेपित'चं काय?

जुनं बाड
'सोडणे'. साधा, नेमका आणि दुहेरी कामाचा. जमिनीवरून यान सोडलं, यानातून उपग्रह सोडले. खगोलवेडीताईंनी वर स्वतः तेच क्रियापद किती वेळा वापरलंय पाहा, एकदाही अडखळल्या नाहीत. आणि लेखकांना 'अग्निबाण' हवाच असेल तर बाण सोडतातच. पेशवाईतल्या लष्करात दारूचे बाण होते, दिवाळीत आपण बाटलीत उभा करतो तोही बाणच. फक्त 'डागणे' नको, ते तोफेचं आणि क्षेपणास्त्राचं. बातम्यांत उपग्रह 'डागलेले' वाचले की कोणावर, असं विचारावंसं वाटतं.

खगोलवेडी
'अग्निबाण'ला आता एक अडचण आहे. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने आपल्या रॉकेटचं नावच अग्निबाण ठेवलंय, त्याची पहिली चाचणी ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहूनच झाली. पीएसएलव्हीला अग्निबाण म्हटलं तर पुढेमागे घोटाळा होईल. 'प्रक्षेपणयान' नाहीतर सरळ 'रॉकेट' लिहा, मुलांना तोच शब्द येतो.

टिवल्याबावल्या
प्रक्षेपण शब्दाची खरी फजिती दूरदर्शनवर व्हायची. 'प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण'! आधी कोण उडालं, यान की निवेदक?

अडकित्ता
म्हणून दुसऱ्या ठिकाणी 'प्रसारण' लिहावं. वाक्यात आणखी दोन डाग आहेत. 'करण्यात आले', 'नोंदवला गेला' ही सरकारी पत्रकाची मराठी. 'इस्रोने सोडले' म्हणा, कर्ता लपवायचं कारण नाही. आणि 'विश्वविक्रम' आहे तसा ठेवू नका. तेव्हा ३७ उपग्रहांचा रशियन विक्रम मोडला होता हे खरं, पण जानेवारी २०२१ मध्ये फाल्कन-९ या अमेरिकी रॉकेटने एका उड्डाणात १४३ नेले. 'तेव्हाचा' हा शब्द घाला, नाहीतर एखादी चौथीतली मुलगी पत्र पाठवेल.

मुद्रितशोधक
घातला. एकच शेवटची शंका: लेखात पुढे 'गुरूचे उपग्रह' येतात. इथे 'कृत्रिम उपग्रह' लिहायला हवं का?

जुनं बाड
नको. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला तेव्हा 'कृत्रिम' लावणं भाग होतं, कारण उपग्रह म्हटलं की चंद्रच. आता उलट झालंय. नुसतं 'उपग्रह' म्हटलं की यंत्रच डोळ्यांसमोर येतं आणि 'नैसर्गिक' हे विशेषण बिचाऱ्या चंद्राला चिकटवावं लागतं. गुरूपाशी वाटल्यास 'चंद्र' लिहा. 'गुरूचे चंद्र' मुलांना लगेच कळेल.

अडकित्ता
'गुरूचे चंद्र' चालेल. पण जागा असेल तर पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' घ्या लेखात. जून २०१६, पीएसएलव्ही-सी३४, एका उड्डाणात २० उपग्रह, त्यातला हा जेमतेम किलोभराचा. आणि म् चा पाय मोडायला विसरू नका.