शरभ आधी राखाडीत रंगवावा का? (आणि त्याला वटवाघळाचे पंख कुणी लावले?)

कोरडा_ब्रश
काल इथे 'शरभ रंगवा पाच पायऱ्यांत' हा धागा आला (शरभ म्हणजे पुराणातला तो काल्पनिक प्राणी, आणि रंगवायचा फोटोशॉपसारख्या ॲपमध्ये). थोडक्यात असं: अख्खं चित्र काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करा, वर 'कलर' मोडचा लेयर (रंगाचा वेगळा थर) टाका, खवल्यांचा ब्रश फिरवा, ड्रॅगनचे पंख चिकटवा, चमक द्या. वाहवाही बघून राहवलं नाही.

'कलर' मोड खालची उजळता जशीच्या तशी ठेवतो. खाली ठार काळं असेल तर वरून शेंदरी ओता नाहीतर मोरपिशी, ते काळंच राहणार. म्हणून आयाळीच्या सावल्या कोळसा होतात आणि बाकीचं अंग जुन्या फोटोवर हाताने रंग चढवल्यासारखं दिसतं. उन्हातला सोनेरी सावलीत सोनेरीच राहत नाही, त्यात आकाशाचा निळा शिरतो. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे कातडीचा रंग जास्त तापलेला दिसतो. राखाडीवर एकच सोनेरी फासून यातलं काही मिळत नाही.

खवल्यांचा ब्रश तर विचारूच नका. गोल पोटावर सपाट छाप उमटतो, प्राण्याला चादर गुंडाळल्यासारखा. आधी पोटाच्या गोलाईवरून आडव्या रेघा मारा, खवले त्या रेघांवर बसवा. सांध्यापाशी बारीक, पाठीवर मोठे, सावलीत जवळजवळ नाहीतच.

नखाएवढं लघुचित्र तीन टोनमध्ये करा, उजेड कुठून येतो ते ठरवा आणि सरळ रंगात उतरा.

पाटी_पेन्सिल
'सरळ रंगात उतरा' म्हणे! नवशिका टोन (उजळ-गडदपणा), छटा आणि तीव्रता एकदम सांभाळायला जातो आणि तिन्ही सांडतो. तुम्ही एका मोडला झोडपलंत, पद्धतीला नाही. राखाडी 15 ते 80 टक्क्यांत ठेवा, ठार काळं-पांढरं शेवटी. मग ग्रेडियंट मॅप, म्हणजे राखाडीच्या प्रत्येक उजळतेला एकेक रंग: सावलीला निळसर जांभळा, मध्याला विटकरी, उजेडाला फिकट पिवळा. त्यावर साधा, 'नॉर्मल' मोडचा लेयर घेऊन अपारदर्शक रंगाने निदान निम्मं चित्र पुन्हा रंगवायचं. राखाडी हा गिलावा आहे हो, घर नाही.

दगडी_चिरा
अवांतर, पण मुद्द्याचं. शरभाला ड्रॅगनचे पंख कुठून आले? आपल्या गडांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलाय तो सिंहाच्या बांध्याचा, चार पायांचा, बटबटीत डोळ्यांचा आणि बिनपंखांचा. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर बघा, पंजांत हत्ती दाबलेत मांजराने उंदीर धरावा तसे. सगळी ताकद त्या प्रमाणात आहे. हत्ती काढून पंख लावले की उरतो मोबाईल गेममधला राक्षस.

कोरडा_ब्रश
चिरेसाहेब, दरवाज्यावरचा तेवढाच खरा का? कामिकागम या शैव ग्रंथातला शरभ सोनेरी पक्षी आहे, दोन उचललेले पंख, चार पाय जमिनीवर आणि चार वर. पंखांना आक्षेप नाही, वटवाघळाच्या पंखांना आहे.

दगडी_चिरा
मग आठही पाय काढून दाखवा की! ग्रंथ काढायचा आणि पंखांपुरताच वाचायचा. अमरकोशात तर शरभ गवय (रानगाय) आणि सशाच्या ओळीत आहे. त्याला शिंगं लावणार?

सांधे_निखळले
दोघंही भांडताय, पण पंख उगवतो कुठून ते कुणीच सांगत नाही. पंख म्हणजे हातच. वटवाघळात पडदा चार लांब बोटांवर ताणलेला असतो, अंगठा मोकळा. चार पायांच्या धडाला तो जोडायचा तर पुढच्या खांद्यामागे दुसरं खांद्याचं हाड हवं आणि ते ओढायला छातीचे स्नायू हवेत. म्हणजे बरगड्यांचा पिंजरा लांबवावा लागतो. तो न लांबवता पंख पाठीच्या मधोमध खोचले की दप्तराचे पट्टे दिसतात. पिसांचा पंख असेल तर टोकाची मोठी पिसं पंजाच्या हाडावर, आतली कोपरापुढच्या हाडावर, आणि मुळं झाकणारी छोटी पिसं वर. सगळी एका मापाची काढलीत तर तो झाडू.

आणि मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' गुडघा नसतो, टाच असते. काल ज्या चित्राला वाहवा मिळाली, त्यात गुडघाच गायब आहे.

पाटी_पेन्सिल
डोळेही पाहा. सिंहाची बाहुली गोल असते, त्या चित्रात मांजरासारखी उभी फट आहे.

दगडी_चिरा
काल्पनिक प्राणी आहे ना? मग आता बाहुलीचा पंचनामा कशाला!

सांधे_निखळले
तुम्हीच दगडातल्या डोळ्यांचा दाखला दिलात. आपला तो दाखला, दुसऱ्याचा तो पंचनामा. चालू द्या.

कृताच_बरं
पंखांच्या नादात मूळ प्रश्न वाहून गेला. सरळ रंगवणाऱ्यांनी टोन तपासायला 'डिसॅच्युरेट' (रंग काढून राखाडी करणारी आज्ञा) वापरू नये. फोटोशॉपमध्ये त्या आज्ञेने शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीवर येतात, डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. सगळ्यात वर राखाडी भरलेला लेयर ठेवा, मोड 'कलर', हवा तेव्हा चालू-बंद करा. ज्या मोडला वर शिव्या पडल्या तोच इथे कामाला येतो.

आणि विकतचे ब्रश-संच बास करा आता. कडक गोल ब्रश, एक मऊ आणि एक खरखरीत एवढ्यात शरभ होतो. मऊ ब्रश सगळीकडे फिरवल्यानेच चित्र साबणाच्या वडीसारखं होतं. पंज्याखालची सावली टेकते तिथे कडा धारदार, लांब जाईल तशी पुसट. पोटाच्या वळणावर मऊ.

फ्लेक्स_नको
छापणार असाल तर ए3 ला 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात, आणि ते पहिल्या दिवशीच घ्या. नंतर ताणलं की खवले विरघळतात. कडेचा तो विजेसारखा निळा उजेड छपाईच्या शाईत बसतच नाही. रंगवतानाच कंट्रोल-वाय दाबून सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील त्याची पडद्यावरची झलक) बघत जा. उगाच छापणाऱ्याला शिव्या नकोत.

कोरडा_ब्रश
पाटी_पेन्सिल, निम्मं चित्र पुन्हा अपारदर्शक रंगवणार असाल तर तुमची राखाडी मला मान्य. फक्त त्याला 'पाच पायऱ्या' म्हणू नका. चिरेसाहेब, हत्तीचा मुद्दा बिनशर्त मान्य. पंजाखाली हत्ती नसेल तर आकार कळायचा कसा?

दगडी_चिरा
उपकार झाले. आता ते पंख पुसा.

कोरडा_ब्रश
वेगळ्या लेयरवर आहेत. लेयरचा डोळा बंद करून बघा.