जुन्या पिकअपचे ब्रेक भरल्या गाडीला चोर्ला घाटात धरत नाहीत, आधी काय तपासू?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. २००९ची डिझेल पिकअप आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. आठवड्यातून तीनदा बेळगावहून भाजी भरून वाळपईला येते. बहुतेक वेळा धाकटा भाऊ चालवतो, त्यामुळे गाडी घरी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

रिकामी असताना गाडी ठीक थांबते. भरून चोर्ला उतरताना मात्र सगळा जोर लावून पाय दाबावा लागतो आणि पुढच्या चाकांतून जळका वास येतो. गेल्या मंगळवारी घाट संपता संपता, केरीच्या अलीकडे, पेडल एकदम मऊ होऊन खाली गेलं. भावाने दुसऱ्या गिअरवर कशीबशी कडेला घेतली. सकाळी बघतो तर पेडल पुन्हा जागेवर! पुढचे पॅड चार महिन्यांत संपतात. मेस्त्री म्हणतो बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) दोन्ही बदलू. पैसे घालायला ना नाही, पण त्याने बरं होणार का?

चोडण_फेरी
आधी गाडीखाली शिरून मागे जाणारा लोखंडी ब्रेक पाइप बघा. माझी गाडी रोज फेरीत चढते, रॅम्पवर खारं पाणी लागतं. चासीच्या पट्टीखाली पाइप गंजून सोललेला होता, वरून काहीच दिसत नव्हतं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते का तेही बघा. ओल असेल तर व्हील सिलेंडर (ड्रममधले लायनर दाबणारा) गळतोय. लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ब्रेक ऑइलने भिजले असतील तर पुसून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे नवे घाला.

घाटवाट
सत्तरीकर दादा, पहिली गोष्ट: कारण सापडेपर्यंत ही गाडी भरून घाटात नेऊ नका. भाजी चार दिवस भाड्याच्या गाडीतून येऊ दे.

आता बूस्टर. गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे आतला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरूनच स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. हललंच नाही, दगडासारखं राहिलं, तर दोष व्हॅक्यूमच्या बाजूला. तेव्हाही थेट बूस्टर बदलायचा नाही. डिझेलमध्ये व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो, कित्येक जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. पंप, रबरी नळी आणि तिच्यातला एकेरी वाल्व या तिन्ही वस्तू बूस्टरपेक्षा स्वस्त आहेत. त्या आधी तपासा.

मास्टर सिलेंडरसाठी: इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने मिनिटभर दाबून धरा. बाहेर कुठेच गळती नसताना पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर आतले वायसर (रबरी सील) गेले. पहिल्या दाबाला खाली आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल तर बहुधा मागचे लायनर ढिले आहेत.

पण मला वेगळीच शंका आहे. रात्री मऊ झालेलं पेडल थंड झाल्यावर आपोआप परत आलं, याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या पावसाळ्याची हवा तुम्हाला ठाऊक आहे. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ३.७ टक्के पाणी शिरलं की तोच आकडा १४०वर येतो. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. मास्टर सिलेंडर नवा घातला तरी हे तसंच राहील.

मग पुढचे ब्रेक इतके का तापतात? मागचे काम करत नसतील तर. एक करा: गाडी भरा, सपाट मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ब्रेक मारून थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. पुढची चाकं जास्त गरम असणारच, पण मागचे ड्रम थंडगार असतील तर ते मला लिहा. आणि एक विचारतो: मागे जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) घातलाय का?

सत्तरीकर
बूस्टरची चाचणी केली, स्टार्ट करताच पेडल खाली गेलं. मिनिटभर दाबून धरलं, सरकलं नाही. पाइप गंजलाय, पण ओल नाही. काल भरलेली गाडी होंड्याकडे फिरवली. पुढे हात जवळ नेववत नाही, मागचे ड्रम जेमतेम कोमट. ड्रम उघडला तर लायनर जवळजवळ नवे! आणि हो, दोन वर्षांपूर्वी चिऱ्यांचं भाडं घेतलं तेव्हा मागे दोन पाटे वाढवले. तुम्हाला कसं कळलं?

घाटवाट
चिरे, वाळू ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांचे पाटे वाढवलेले असतात. मागच्या ॲक्सलपासून एक सळी वर चासीवरच्या छोट्या वाल्वला जोडलेली दिसेल, तो लोड सेन्सिंग वाल्व. भार पडला की चासी खाली बसते, सळी हलते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी असताना दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. पाटे वाढवल्यावर गाडी भरली तरी चासी पूर्वीइतकी बसत नाही. वाल्वला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि ब्रेकचा सगळा भार पुढच्या दोन चाकांवर. लाल चिखलाने सळीचा सांधा जाम झालाय का तेही हलवून बघा.

उपाय दोन. जादा पाटे काढा, किंवा गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणे सळीचं माप नव्याने लावून घ्या. दुसरं काम प्रेशर गेज असलेल्याच मेस्त्रीकडे द्या. नुसत्या अंदाजाने पाना फिरवणाऱ्याकडे नको. आणि वाल्वची दांडी तारेने वर बांधून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून या. रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतील आणि गाडी वळणावर आडवी होईल.

चोडण_फेरी
सांधा खोलताना गंजलेला पाइपही बदलून टाका, तो फार टिकणार नाही. मग ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना वाल्वला वेगळा निपल (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तोही सोडायला विसरू नका, माझ्याकडे तीच हवा राहिली होती.

सत्तरीकर
चिऱ्यांचं भाडं कधीच बंद केलंय, म्हणून दोन्ही पाटे काढले. सांधा खरंच जाम होता. पाइप नवा, आणि डॉट ४ भरलं, ते पुस्तकात चालतं असं लिहिलंय. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. आज अर्ध्या भाराने साखळीपर्यंत जाऊन आलो, मागचे ड्रम पहिल्यांदाच चांगले तापले. मागचं सेटिंग सोमवारी गेजवर बघून घेतो, तोवर घाट नाही. भावाला घाटवाट यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, उतरताना आता दुसरा गिअर घाटमाथ्यावरच टाकणार.