पोरीले चौथीपासून सिस्टरांच्या शाळेत टाकू का?

धुऱ्यावरून
नमस्कार मंडळी. मी मेहकर तालुक्यातला, शेतकरी माणूस. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीले हाय. हुशार हाय, पण शाळेत पोरंच उरले नाहीत, एकाच गुरुजीकडे दोन-दोन वर्ग. बायको म्हणते तालुक्याच्या सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत टाकू, व्हॅन फाट्यापर्यंत येते. आमचे बुवा म्हणतात तिथं पोरीले क्रॉस काढाले लावतीन आन घरची आरती इसरन. मले त्याची तेवढी चिंता नाही. चौथीत तिथं नेमकं शिकवतात काय, हे कोणी सांगन का? आन मधातच इंग्रजीत घातली तर तिले झेपन का? घरी इंग्रजी कोणालेच येत नाही.

खामगावचा_पाहुणा
जिल्हा परिषदेतच राहू द्या. फीच्या पैशात एक जोडी बैल येते.

चौथीच्या_बाई
बैलजोडीचा भाव पाहुण्यांनी बऱ्याच दिवसांत विचारलेला दिसत नाही.

भाऊ, मी अमरावती धर्मप्रांतातल्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अमरावती विभागातल्या, एका शाळेत बरीच वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. मी ख्रिस्ती नाही, स्टाफरूममधल्या बहुतेक बायाही नव्हत्या. मोठ्या सिस्टर केरळच्या. मराठी आमच्याकडूनच शिकल्या आणि पुढे पोरांवर अस्सल वऱ्हाडीत खेकसायच्या.

बुवांचं आधी सांगते. सकाळी प्रार्थना होते, येशूचं नाव येते, मग प्रतिज्ञा, राष्ट्रगीत. धर्मशिक्षणाचा तास मात्र फक्त कॅथलिक मुलांचा, ती सिस्टरांसोबत दुसऱ्या खोलीत जायची. बाकीच्यांना त्या वेळात मूल्यशिक्षण: खरं बोलणं, दुसऱ्याची वस्तू परत करणं, गोष्टी. त्यातली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट बायबलमधलीच आहे, पण रस्त्यात जखमी पडलेल्याला कोण उचलतो हे ऐकून कोणाची आरती बुडाल्याचं मी पाहिलं नाही. तरी बुवांना सांगा, घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नको असेल तर वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या, भांडायची गरज पडत नाही.

आता अभ्यास. पहिले विचारा, बोर्ड कोणतं. राज्य मंडळ असेल तर पुस्तकं बालभारतीचीच, फक्त इंग्रजीतली. इंग्रजी, मराठी, गणित आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग. मी शिकवत होते तेव्हा दुसरा भाग म्हणजे अख्खा शिवाजी महाराजांचा इतिहास होता. सीबीएसई असेल तर एनसीईआरटीची पुस्तकं, त्यात महाराजांचं असं वेगळं पुस्तक नाही. सध्या राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतोय, म्हणून बाजारातून जुने संच घेऊन ठेवू नका, यादी शाळेतूनच घ्या. मराठी सुटेल ही भीतीही नको. २०२० च्या कायद्यानं राज्यात कोणत्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवावीच लागते.

खरी अडचण परिसर अभ्यासात येते. माझ्या वर्गात गावाकडून आलेली एक पोरगी होती. पन्हाळ्याचा वेढा, बाजीप्रभू, आग्र्याहून सुटका, सगळं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. मराठीत विचारलं की तोफेसारखी सुटायची. पेपरात मात्र इंग्रजी प्रश्नाखाली तोच प्रश्न पुन्हा उतरवून ठेवायची. अशा पोरांना वर्गात ‘वीक’ म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. मी तिला आधी मराठीत तोंडी सांगायला लावायचे, मग त्याचीच तीन लहान इंग्रजी वाक्यं करून घ्यायचे. दिवाळीनंतर ती स्वतःच लिहायला लागली.

तुम्ही तर सिंदखेड राजाच्या शेजारचे. उन्हाळ्यात पोरीला लखुजीराव जाधवांचा राजवाडा दाखवून आणा. जिजाऊंचं जन्मस्थान डोळ्यांनी पाहिलं असलं की धडा इंग्रजीत असो नाहीतर कशात, तिला आत शिरायला वाट असते.

गणितात मोठे भागाकार आणि अपूर्णांक येतात. बुवांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येत असतील तर अपूर्णांक त्यांच्याकडेच द्या. पाढे मनात मराठीत म्हटले तरी काही बिघडत नाही, उत्तर आकड्यातच लिहायचं असते.

मोगरा_यवतमाळ
बाईंनी धर्मशिक्षणाचं सांगितलं, त्यात थोडी भर. आम्ही कॅथलिक, मुलगा चौथीत आहे. आमच्याकडे धर्मशिक्षण रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर तिथंच होतं. दहा आज्ञा, सात संस्कार, पापनिवेदन कसं करायचं. या वर्षी त्याचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा विधी), म्हणून पांढऱ्या शर्टाची धावपळ चाललीय! दहा आज्ञांपैकी आईबापाचा मान राख ही तो बहिणीलाच ऐकवतो, स्वतः पाळत नाही. शाळेतल्या हिंदू-बौद्ध मुलांना यातलं काही नसतं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मात्र वर्गात एक डबा ठेवतात, गोळ्या-बिस्किटांचे पैसे ज्याला वाटेल त्यानं टाकायचे, ते गरिबांसाठी जातात. आणि नाताळचा गोठा करताना वाळलेलं गवत तुमच्यासारख्यांच्याच शेतातून येतं बरं का.

धुऱ्यावरून
बाई, लय चांगलं सांगितलं. बुवाले वाचून दाखवलं, पावकीचं ऐकून खूश झाले. एक राहिलं. आरटीईच्या, म्हंजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत फुकट लागन का तिथं?

चौथीच्या_बाई
नाही लागणार. ती अल्पसंख्याकांची शाळा, आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आरटीई अशा शाळांना लागू नाही. शिवाय २५ टक्क्यांचे प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच होतात, चौथीला नाही. पण फी हप्त्यानं घेता का, ते मोठ्या सिस्टरांना समोरासमोर विचारा. आमच्याकडे कापूस विकेपर्यंत थांबायच्या, हे मी पाहिलं आहे. सगळीकडे तसंच असेल असं नाही.

आणि चौथीला थेट घालायचं असेल तर आत्तापासून रोज संध्याकाळी तिसरीच्या इंग्रजी परिसर अभ्यासाचं अर्धं पान मोठ्यानं वाचून घ्या. अर्थ तुम्हाला नाही कळला तरी चालेल, तिलाच तुम्हाला मराठीत सांगायला लावा. चाचणी घेऊन एक वर्ष मागे, तिसरीतच बसवतो असं शाळा म्हणाली तर लगेच हो म्हणू नका. बऱ्याच पोरांना फक्त वाचायची सवय नसते, डोकं चालत असते. जूनपर्यंतची मुदत मागा आणि पुन्हा तपासा म्हणा.

खामगावचा_पाहुणा
बैलजोडीचा भाव आता विचारला. शब्द मागे घेतो.